बोराच्या पाकातले बटेर

गुजरीच्या भाजीबाजारात बोरं आली. हातगाड्यांवर, पोत्यांवर, खेड्यांतून आलेल्या बायकांच्या टोपल्यांत, लाल, तपकिरी, अर्धी सुकून सुरकुतलेली. लोक येता-जाता एखादं उचलून तोंडात टाकतात आणि बी गालात फिरवत भाव करतात. मी ओढणी नाकाला लावून पलीकडच्या बाजूनं जाते. ओळखीची भाजीवाली दर हिवाळ्यात न चुकता विचारते, "काहून व बाई, बोरं नाई खात का तू?" दात दुखतात, असं मी सांगते. दात माझे ठणठणीत आहेत, पण दरवर्षी नवं कारण कुठून आणायचं?

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलीचं साक्षगंध होतं, शहराबाहेरच्या एका नव्या हॉटेलात. ओल्या धानाच्या पेंढ्या कोपऱ्यात उभ्या करून गावाकडचा देखावा केला होता. हातमोजे घातलेला एक मुलगा तबक घेऊन फिरत होता. "मॅडम, ये हमारा स्पेशल है. स्मोक्ड बटेर, जंगली बेर का ग्लेझ. ट्राय तो कीजिए." तबकात ते होते. मुठीएवढे, गुडघे पोटाशी घेतलेले, पाय दोऱ्यानं बांधलेले, आणि अंगावर तो लालसर चकचकीत पाक. आजूबाजूच्या बाया "कित्ती क्यूट" म्हणाल्या. मी हात जोडले, बाहेर आले आणि हॉटेलच्या नळावर उगाचच तोंड धुतलं. काही खाल्लेलं नव्हतं, तरी दोनदा चूळ भरली.

लोकांना वाटतं, असल्या गोष्टी मोठ्या शहरातल्या आचाऱ्यांनी काढल्या. आमच्या घरी हे आईच्या माहेराहून, लामत्याहून आलं. मोठा पाहुणा असला, घरातलं लग्न ठरत असलं की धुरावरचे बटेर व्हायलाच हवेत. मुलीचं लग्न ठरत असेल तर आणखी एक रीत होती. पाक मुलीनं करायचा आणि मुलीनंच लावायचा. दोन हात आत, चुलीपाशी, आणि शेवटचा हात बाहेर, पाहुण्यांच्या ताटात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पाक चमकला तर मुलगी हुशार. मुलीनं तो आधी चाखायचा मात्र नाही, पाहुण्यांचं जेवण होईपर्यंत बोटसुद्धा चाटायचं नाही. मीठ, तिखट, गोड, सगळं वासावर. पाहुणे उठले की मग बायकांनी माना नि उरलंसुरलं खायचं. ही रीत कोणी काढली ते ठाऊक नाही, पण काढणाऱ्यानं नक्कीच बाहेरच्या पंगतीत बसून काढली असणार.

मी वीस वर्षांची होते आणि ताई अठ्ठावीसची. माझ्याच्यानं आजही ज्या हिवाळ्याचं नाव काढवत नाही, तो हिवाळा हा. रेल्वेची छोटी लाइन उखडून तिथं मोठी टाकायचं काम आमच्याकडे चाललं होतं. जिकडेतिकडे खडीचे ढीग, उपसलेली माती, आणि घराघरांत रेल्वेचं काही ना काही मोडकं सामान येऊन पडलेलं. बाबा सिंचनाच्या ऑफिसात बाबू होते. ताईला दोन ठिकाणांहून नकार आला होता, कारण एकच, रंग. बाबांनी तोंडानं कधी म्हटलं नाही, पण जेवताना ताईकडे बघणं त्यांनी सोडून दिलं होतं. हे मला तेव्हा दिसत होतं आणि मला फक्त बाबांचाच राग यायचा असं नाही, ताईचाही यायचा. हे आज लिहिताना लाज वाटते.

मार्गशीर्ष लागला आणि गोंदियाकडचं एक स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर. बघण्याचा कार्यक्रम रविवारी ठरला. पौष लागायच्या आत हो किंवा नाही कळेल, असा मध्यस्थाचा निरोप होता. आईनं निरोप ऐकला आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "बटेर सांगा लामत्याले."

रानातल्या लाव्याला, म्हणजे जंगली बटेराला, हात लावायची सोय राहिलेली नव्हती, जंगल खात्याचे लोक दारात आले असते. लामत्याच्या बाजूला एकानं बटेर पाळले होते. तिथून ते बसनं यायचे, बांबूच्या टोपलीत, वर जाळी बांधून. शनिवारी संध्याकाळी टोपली अंगणात आली की त्यांचं एकमेकांवर चढणं, ती बारीक धडपड, आणि विष्ठेचा तो उग्र वास. माना आई मुरगळायची. पिसं काढणं माझ्याकडे. गरम पाण्यात बुडवून काढलं की ओल्या पिसांचा जो वास येतो त्याला कुजकट म्हणावं की आंबट, मला आजवर ठरवता आलेलं नाही. कातडी इतकी पातळ की जरा जोरात ओढलं तर पिसाबरोबर निघून यायची. बारीक लव जाळायला तणसाचा, धानाच्या वाळल्या काड्यांचा, जाळ करायचा, तो वास दोनदा डोकं धुतलं तरी केसांतून जात नसे. ओली पिसं मनगटाला, गळ्याला, ओठाला चिकटायची. एकदा एक जिभेवर आलं. अजून थुंकते आहे.

मग तेलाचं जुनं पिंप. खाली धानाची फोलपटं धुमसत ठेवायची, त्यात जामाच्या लाकडाचे तुकडे. पेरूला आम्ही जाम म्हणतो, आणि आई सांगायची की दुसरं लाकूड चालत नाही. वर तारेला बटेर उलटे टांगायचे आणि पिंपावर ओलं पोतं. तीन-चार तास तो धूर. मध्ये मध्ये चरबीचा थेंब खाली पडून चर्र आवाज यायचा.

बोरांचा पाक ताईकडे. बोरं उकळत आली की अळ्या वर येतात. पांढऱ्या, फुगलेल्या. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी माहीत करून घ्यावं, हॉटेलवाले सांगणार नाहीत. आई पळीनं काढून बाजूला टाकायची. "फळात असतेच. त्याले काय होते?" मग गर कुस्करायचा, बिया हातानं काढायच्या, फडक्यातून गाळायचं, गूळ, लाल तिखट, सुंठ घालून आटवायचं. ताईची बोटं आठवडाभर चिकट नि तपकिरी राहायची. पाक लावायला ब्रश नव्हता. त्याच पक्ष्यांच्या पंखांची मोठी पिसं दोऱ्यानं बांधून कुंचला करायचा. म्हणजे ज्याची पिसं काढली त्याच्याच अंगावर ती पुन्हा फिरवायची. यात कुणाला काहीच वावगं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटत नव्हतं. घरभर मुंग्या मात्र झाल्या होत्या.

किळस ही मोठी उशिरा येणारी गोष्ट आहे. त्या वेळी कामाच्या घाईत तिला कुणी आत घेत नाही. ती दाराबाहेर बसून राहते आणि कित्येक वर्षांनी एखाद्या हॉटेलात आपल्याला गाठते.

पहिल्या रविवारी ते आले, मोठी गाडी भरून. मुलाचे वडील अंगानं भरदार, मिशा झुपकेदार. मुलाची आत्या, काका, आणखी कोण कोण. ताई पाकाचं भांडं नि कुंचला घेऊन वाकून एकेका ताटात शेवटचा हात फिरवू लागली. आत्यानं तिचं मनगट धरलं, उजेडाकडे वळवून पाहिलं आणि भावाला म्हणाली, "रंग जरा दबका हाये, पन पाक चमकते." दोघं हसले. बाबाही हसले. मला ते हसू आजही बाबांना माफ करता येत नाही.

आणि मग ते खाणं. मुलाच्या वडिलांनी मिशा दोन्ही हातांनी वर सारल्या आणि अख्खा बटेर उचलून छातीतून मोडला. हाडं कडाकड चावायची, चोखायची, चोखताना डोळे मिटायचे. पाकाची तार मिशीपासून ताटापर्यंत लोंबत होती. हनुवटीवरून ओघळ. बोलता बोलता मांसाचा कण उडून भाताच्या पातेल्यावर पडला. मी वाढत होते, मी तो पाहिला, आणि त्याच पातेल्यातला भात पुढच्याला वाढला.

मुलगा वेगळा होता. हळू खायचा, हाडं ताटाच्या कडेला नीट लावून ठेवायचा. ताई त्याच्या ताटाशी वाकली तेव्हा त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही खाल्लं का?" एवढंच. पण या सगळ्या प्रकारात पाक करणारीला असं कुणी विचारलेलं आमच्या घरात तरी कुणाला आठवत नव्हतं. भांडी घासताना ताईनं मला ते तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिच्या हातातला तवा तसाच राहिला होता. "मानूस बरा वाटते," ती म्हणाली. ताई असं कधी बोलत नसे. तिला तो हवा होता, हे मला त्या तव्यावरून कळलं.

निरोप आला तो हो नाही आणि नाहीही नाही. मुलाचे थोरले मामा यायचे राहिले, त्यांनी मुलगी पाहायला हवी. दुसरा रविवार. पुन्हा टोपली, पुन्हा पिसं, पुन्हा अळ्या. मामा जेवले, ढेकर दिली, अंगणातल्या खाटेवर पाय पसरून झोपले. जाताना म्हणाले, "पोरगी ठीक हाये. पन माह्या बायकोनं पाह्यलं नाई अजून." तिसरा रविवार. आईचं सर्दीनं नाक गच्च झालं होतं, तरी ती लामत्याला निरोप पाठवत होती. अंगणातलं जामाचं झाड दोन खेपांतच बोडकं झालं होतं.

ताई आता उकव्याला असते. तिथल्या शाळेत शिकवते, दोन खोल्यांचं स्वतःचं घर आहे, दारात पपई आहे. लग्न केलं नाही. लोक हे ऐकून "अरेरे" असा चेहरा करतात आणि मी त्यांच्याकडे बघत राहते. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या शनिवारी ती बैहरच्या बसनं येते, मला कॅरममध्ये झोडपून हरवते आणि रविवारी परत जाते. बटेरांचा विषय आम्ही काढत नाही. परवा फोनवर हॉटेलचं सांगायला गेले तर म्हणाली, "दुसरं काही बोल ना व." मग मी तिच्या शाळेबद्दल विचारलं.

त्या तिसऱ्या रविवारी सकाळी आईनं मला मागच्या अंगणातून वाळलेलं लाकूड आणायला सांगितलं. जामाचं उरलं नव्हतं. मागे बाबांनी भंगारवाल्याकडून घेतलेले छोट्या लाइनचे, रुळांखालचे लाकडी स्लीपर पडले होते, नव्या खोलीच्या चौकटींसाठी. जाड, काळे, खडखडीत वाळलेले. इतकी वर्षं उन्हातान्हात पडलेलं लाकूड, यापेक्षा वाळलेलं काय असणार, असा मी विचार केला. कुऱ्हाडीनं कडेच्या ढलप्या काढल्या आणि पिंपात आधीपासून धुमसणाऱ्या फोलपटांत घातल्या. लाकूड कुजू नये म्हणून रेल्वेवाले ते डांबरासारख्या तेलात मुरवतात, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि हातात कुऱ्हाड असताना आठवणं वेगळं.

धूर पिवळट काळा निघाला. अर्ध्या तासात अंगणात रस्त्याचं काम चालू असल्यासारखा वास सुटला. मी पोतं उचलून पाहिलं, बटेर काळपट पडले होते आणि अंगावर तेलकट थर. आई येऊन नाकानं सूं सूं करून गेली, तिला कशाचाच वास येत नव्हता. ताई आत पाक आटवत होती. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. सांगायला हवं होतं. दुसरे बटेर नव्हते. राजेगाव सोडलं, तासाभरात पोचतो, असा पाहुण्यांचा फोन येऊन गेला होता. बटेर नसतील तर हे लोक रुसतील, आणि हे रुसले तर पौष लागेल, आणि मग ताई एकोणतीसची. मी ढलप्या काढून टाकल्या, नुसत्या फोलपटांचा धूर वर दिला आणि आत जाऊन ताईला म्हटलं, "आज गूळ जरा जास्त टाक. तिखटही. मोठ्या बायका येऊन राह्यल्या, त्यायले चव जास्त लागते." तिनं टाकला.

ताटं मांडली. ताईनं कुंचला फिरवला. पाक असा चमकला की काय सांगावं. मुलाच्या वडिलांनी मिशा वर सारल्या, पहिला घास घेतला, डोळे मिटले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

"वा!" ते म्हणाले. "आज तं कमालच केली बाप्पा. धूर कसा मुरला!"

"असा वास पयल्या दोन खेपले नव्हता," आत्या म्हणाली. मामी मान डोलावत चोखत होत्या. हाडं मोडत होती, ओघळ चालले होते. डांबर खात होती ती माणसं, आणि बोटं चाटत होती. मला ओकारी येत होती आणि त्याच वेळी हायसंही वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटू शकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मुलगा खात नव्हता. एक घास त्यानं घेतला होता, तो गालात धरून ठेवला होता. पाणी प्याला. पुन्हा पाणी प्याला. मग तो घास त्यानं कसाबसा गिळला. त्याला कळलं होतं. मी पाहिलं आणि ताईनंही पाहिलं.

तेवढ्यात वडील बाबांना म्हणाले, "आता असं करू, पुढच्या रविवारी आमच्या जवायाले आनतो. त्यायचं एक बोलनं झालं का मंग पक्कं. अन् त्यायले बटेर लय आवडते."

बाबा हात जोडून म्हणाले, "हौ, हौ, या ना."

ताई मुलाच्या ताटासमोर उभी होती. ती खाली बसली. पंगतीत, पाहुण्यांच्या समोर, पाटाशिवाय, जमिनीवर. आई आतून "व माय, हे काय करून राह्यली" असं पुटपुटली. ताईनं त्याच्या ताटातला उरलेला बटेर उचलला, एक लचका तोडला, चावला आणि तळहातावर थुंकला. सगळे थांबले. तिनं तो तळहात तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, विनवणीच होती.

"खरं सांगा. कसं लागलं तुमाले?"

मला अजून वाटतं, तो "वाईट" म्हणाला असता तर त्या घरातल्या सगळ्या मिशांसकट ताईनं त्याला पत्करलं असतं. एक शब्द होता. त्याचे ओठ हललेही. मग त्यानं मान वळवून वडिलांकडे पाहिलं.

"छान हाये," तो म्हणाला. "बाबा म्हनतात तसंच."

ताईनं कुंचला भांड्यात ठेवला, तळहात त्याच्या ताटाच्या कडेला पुसला आणि उठली.

"मंग या तुम्ही आता."

मोठा गोंधळ झाला. वडील ताट लोटून उठले, आत्या "रंग तसा ढंग" असं काहीतरी बडबडत चपला शोधत होती, मध्यस्थ बाबांच्या मागे मागे फिरत होता. बाबा गाडीपर्यंत गेले, गाडी वळेपर्यंत हात जोडून उभे राहिले. कुणाचं पोट बिघडल्याचं पुढं कानावर आलं नाही, हे नशीबच. आई पंगतीतली ताटं उचलायला लागली. कुणीच रडलं नाही. दुपारचं ऊन होतं आणि सांडलेल्या पाकावर माश्या बसत होत्या.

ताई मागच्या नळावर चुळा भरत होती. मी तिच्यामागे गेले. माझा नुसता संताप झाला होता, आणि तो त्या लोकांवर नव्हता. "एक घास गिळला असता तं काय बिघडलं असतं तुहं?" मी ओरडले. "आता कोन येनार हाये? पौष लागून राह्यला!"

तिनं तोंडातलं पाणी टाकलं, पदरानं ओठ पुसले आणि कोपऱ्यातल्या पिंपाकडे पाहिलं. त्याच्या बाजूला त्या काळ्या ढलप्या पडल्या होत्या, अजून धुमसत. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तुले सकाळपासून मालूम होतं ना व?"

मी मान खाली घातली. आत आई कोणाचं तरी उष्टं ताट खरवडत होती, तो आवाज येत राहिला. ताई उभी होती.

मी नळाखालची बादली उचलून त्या ढलप्यांवर पाणी ओतलं.